शिंपल्यांना हात लावायचा नाही

चार वर्षांपूर्वी नवऱ्याला गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही इलिनॉय-इंडियानाच्या सीमेजवळच्या एका लहान गावात राहायला आलो. नागपूरला मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवत होते. इथे माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर टांगलेला, त्यामुळे नोकरी करायची परवानगी नाही. पहिला हिवाळा मी घरात बसून काढला. डबा भरायचा, आईला व्हिडिओ कॉल करायचा, आणि मग दुपारभर खिडकीपाशी. बाहेर नजर जाईल तिथवर सपाट जमीन, कापलेल्या मक्याचे खुंट आणि त्यावर बर्फ. सगळ्यात जवळचं मराठी मंडळ अडीच तासांच्या ड्राइव्हवर.

वेळ जाईना म्हणून मी लॅपटॉपवर त्या भागाचे नकाशे बघत बसायचे. त्यातच गावाबाहेरची नदी दिसली. वरचा अर्धा भाग पट्टीने आखल्यासारखा सरळ, शेतांच्या बांधाबांधाने जाणारा, काटकोनात वळणारा. आणि मग एका रस्त्याच्या पुलापासून ती अचानक नागमोडी व्हायची, जणू तिथे तिला कुणी सोडून दिलं होतं. सपाट मैदानात नदी सरळ वाहत नाही, हे मी दहा वर्षं बारावीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. हे काय प्रकरण आहे ते बघायचं मी ठरवलं. एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर नवऱ्याला कारखान्यात सोडलं आणि गाडी घेऊन पुलावर गेले.

पुलाखाली एक म्हाताऱ्या बाई छातीपर्यंतची रबरी विजार घालून पाण्यात उभ्या होत्या. हातात एक लांब पारदर्शक नळी, तिच्यात पाणी भरून वरून डोळा लावून बघत होत्या. मला बघून म्हणाल्या, "रस्ता चुकलीस का?"

मी म्हटलं, "नाही. नदी वळायला कुठून लागते ते बघायला आले."

त्यांनी नळी खाली केली. "ह्या पुलापासून," त्या म्हणाल्या. "हे मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं."

त्या टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं त्यांनी आजूबाजूच्या शेतांवर गाडीने पत्रं पोचवली होती, त्यामुळे कुठला रस्ता कधी पाण्याखाली जातो, कुठल्या शेतातलं पाणी कुठे निघतं, सगळं त्यांना पाठ. नवरा वारलेला, मुलगा दूर अॅरिझोनात. आठवड्यातून एकदा नदीच्या पाण्याची तपासणी करून त्या आकडे राज्याच्या कार्यालयाला पाठवत. पगार नव्हता, कुणी नेमलेलंही नव्हतं. पुढच्या आठवड्यापासून मी त्यांच्याबरोबर जायला लागले. मी त्यांना बाई म्हणायचे. त्याचा अर्थ त्यांनी एकदा विचारला. आमच्याकडे शाळेत शिकवणारीला बाई म्हणतात असं सांगितल्यावर त्यांनी तो शब्द चालवून घेतला.

नदीचा उगम बघायचा मी हट्ट धरला, तेव्हा त्या मला एका शेतात घेऊन गेल्या. आपल्याकडे नदीच्या उगमाशी निदान एखादं कुंड असतं, दगडाचं गोमुख असतं, शेजारी महादेव असतो. इथे शेताच्या कोपऱ्यात जमिनीतून बाहेर आलेला एक पाइप होता, त्याच्या तोंडाला उंदीर शिरू नयेत म्हणून जाळी, आणि जाळीतून करंगळीएवढी धार. "हाच," बाई म्हणाल्या. एके काळी इथे सगळं दलदल आणि माणसापेक्षा उंच गवत होतं. लोकांनी शेताखालून निचऱ्याचे पाइप टाकले, चर खणले, ओढे सरळ केले, तेव्हा कुठे इथे मका उभा राहिला. वरची नदी म्हणजे माणसांनी खणलेला चरच होता. खरी नदी पुलाखालीच उरली होती, आणि तिच्यातले शिंपलेही तिथेच.

ते शिंपले बघायला मला बाईंनीच शिकवलं. गुडघाभर पाण्यात वाकून उभं राहायचं, सावली पडू द्यायची नाही, आणि खडीत दोन बारीक फटी शोधायच्या. एका फटीतून शिंपला पाणी आत घेतो, दुसरीतून सोडतो. एकदा डोळा सरावला की आपण शेकडोंच्या मध्ये उभे आहोत हे कळून पाय उचलायची भीती वाटते. त्यांची इथली नावंही मजेशीर, कुणाचं पिस्तुलाची मूठ, कुणाचं माकडतोंड. काही शिंपले बाईंपेक्षाही वयाने मोठे असतील असं त्या म्हणायच्या. एकदा राज्याच्या खात्यातला जीवशास्त्रज्ञ आला होता. त्याने आम्हाला एक मादी दाखवली. ती आपल्या मांसाची झालर लहान माशासारखी हलवून मोठ्या माशाला जवळ बोलावत होती. मासा आला की पिल्लं त्याच्या कल्ल्यांना चिकटून वर-खाली प्रवास करतात. तो मादीला अलगद उचलून पुन्हा खडीत बसवत होता, बारीक टोक खाली, फटीची बाजू वर. मी हात पुढे केला तर तो म्हणाला, "तुम्ही नाही. परवाना लागतो. जिवंत शिंपला सोडाच, रिकामी शिंपलीही घरी न्यायला बंदी आहे." माणसांनी बटणांसाठी आणि मोत्यांसाठी नद्याच्या नद्या रिकाम्या केल्या, म्हणून हा कायदा. मला तो आवडला होता.

दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या वर्षी ड्रेनेज बोर्डाची नोटीस आली. ह्या भागात शेतातलं पाणी काढून द्यायचं काम हे बोर्ड करतं. पुलाखालची अर्ध्या मैलाची वळणं खणून रुंद करायची आणि एका काठावरची सगळी झाडं काढायची, असं त्यात लिहिलं होतं.

मी कॉलेजात असते तर मुलांना हा प्रश्न घातला असता. वरची नदी सरळ केली म्हणून पाणी धावत येतं, पुलापाशी वळणं लागली की तुंबतं आणि शेतात शिरतं. वळणं सरळ केली तर पाणी तिथे तुंबणार नाही, पुढच्या गावात तुंबेल. मी महिनाभर बसून नकाशे काढले. जुनी वळणं, नवी वळणं, वर कुठे पाणी अडवून ठेवता येईल अशा पाच सखल जागा, सगळं. इतकं मनापासून काम मी इथे आल्यापासून केलं नव्हतं.

नकाशे बघून नवरा म्हणाला, "मस्त झालेत गं. पण खाली तुझं नाव आहे."

"मग? मीच काढलेत."

"व्हिसाचं एक्स्टेन्शन पेंडिंग आहे आपलं. आत्ता कुठल्याही कागदावर नाव नको. सरकारी बोर्डाच्या विरोधात तर नकोच."

"विरोध नाही, मत आहे."

"ते तुला कळतं. फाइल बघणाऱ्याला काय कळणार, सांग."

मंडळातल्या एका काकांना फोन केला, तर तेही तेच म्हणाले. नदी काय, आधी होती, नंतरही असेल, तुम्ही असाल की नाही ते बघा. मी नाव खोडलं. सुनावणीला बाई नकाशे घेऊन गेल्या आणि मी मागच्या रांगेत बसले. प्रत्येकाला तीन मिनिटं होती. बाईंकडून नकाशा उलटा धरला गेला म्हणून अर्धं मिनिट वाया गेलं. मी जागची उठले नाही.

त्यांच्यानंतर एक शेतकरी उठला. पन्नाशीचा असेल, टोपी हातात. म्हणाला, "तीन वसंत झाले. मी सोयाबीन पेरतो, ते पाण्यात कुजतं, मी पुन्हा पेरतो. ह्या बाई पत्रं घेऊन आमच्या दारात यायच्या, मला त्या आवडतात. पण माझ्या शेतात येऊन उभं राहावं कुणीतरी." तो खोटं बोलत नव्हता. मी ते शेत पाहिलं होतं. बोर्डाच्या सभासदांनी मतासाठी हात वर केले आणि पंधरा मिनिटांत ठराव झाला. एवढंच कबूल केलं की जीवशास्त्रज्ञाला शिंपले हलवायला सवड देऊ. त्याने ऑगस्टचा शेवटचा आठवडा सांगितला.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, बाईंचा फोन आला. "ते आलेत," एवढंच म्हणाल्या.

मी पोचले तेव्हा डाव्या काठावरची झाडं आडवी पडलेली होती. पुलापासून थोडं खाली एक पोकलेन काठावर उभं राहून नदीत हात घालत होतं. बादलीभर तळ उचलायचं, वळायचं आणि काठावर पसरायचं. पाणी कमी होतं म्हणून कंत्राटदाराने काम लवकर सुरू केलं, असं नंतर कळलं. काठावर काळ्या चिखलाचा लांबच लांब ढीग पडला होता आणि त्यात जागोजागी शिंपले होते. काही अर्धे, काही फुटलेले, बरेचसे धड. धड होते ते घट्ट मिटून बसले होते. उन्हात पाणी राखून ठेवायचा त्यांना तेवढाच मार्ग माहीत होता.

बाईंनी जीवशास्त्रज्ञाला तीन फोन केले होते. चौथा त्याने उचलला. तो राज्याच्या दुसऱ्या टोकाला होता. बाईंनी फोन स्पीकरवर टाकला.

"मी काम थांबवायला पत्र टाकतो," तो म्हणाला. "पण मला यायला परवा होईल."

"परवापर्यंत ह्यातलं काही जगणार नाही."

तो म्हणाला, "माझा परवाना माझ्या नावावर आहे. तुम्ही हात लावा असं मी सांगू शकत नाही. मी तसं सांगितलेलं नाही, हे लक्षात असू द्या."

बाईंनी फोन खिशात टाकला आणि ढिगावर चढल्या. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली बाई ती, हात टेकत चढली. पहिला शिंपला उपटून त्यांनी सोबत आणलेल्या बादलीत टाकला. मी पुढे झाले तर म्हणाल्या, "तू नको. तुझे कागद आहेत. तू तिथेच थांब."

मी थांबले. हे लिहिताना आजही मान खाली जाते, पण मी थांबले. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, त्यातला कुणी फोटो काढेल, कुणी शेरीफला फोन करेल, मग नाव, मग व्हिसा, मग नवऱ्याची नोकरी, असं सगळं डोळ्यांपुढून जात होतं. आणि मग मला एक युक्ती सुचली, ती तेव्हा फार हुशारीची वाटली. हात लावायला बंदी आहे, पाणी ओतायला नाही. मी गाडीतली खाणं थंड ठेवायची कुलरपेटी काढली, नदीतून भरली आणि शिंपल्यांवर ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. पेटी जड, काठ निसरडा, वर ऑगस्टचं दमट ऊन. पाणी चिखलात मुरायचं आणि दहा मिनिटांत वरचा थर पुन्हा पांढरा पडायचा. अकरा वाजेपर्यंत मी तेच करत होते. काही शिंपले हळूहळू उघडायला लागले. आधी मला वाटलं, पाण्याने बरं वाटलं म्हणून उघडताहेत. बाई म्हणाल्या, "नाही. दमले की उघडतात. मग मिटत नाहीत."

जेवणाच्या सुट्टीत पोकलेनवाला खाली उतरला. साठीकडे झुकलेला, गप्प माणूस. सँडविच खाता खाता आमच्याकडे बघत होता. मग जवळ येऊन बाईंना म्हणाला, "मला काम थांबवता येणार नाही. पण बादली वर न ओतता पाण्याच्या कडेला ठेवली तर चालेल का तुम्हाला?"

बाई म्हणाल्या, "चालेल."

तासभर त्याने तसं केलं. प्रत्येक बादली अगदी हळू, पाण्याला लागून टेकवायचा, आणि बाई पाण्यातूनच शिंपले आत ढकलायच्या. तो तासभर मला वाटलं की होईल, काहीतरी होईल. मग पांढऱ्या ट्रकमधून त्याचा वरिष्ठ आला. दोघांचं बोलणं आम्हाला ऐकू आलं नाही. पोकलेनवाला वर चढला आणि पुन्हा उंच काठावर ओतायला लागला. त्यानंतर त्याने आमच्याकडे बघितलं नाही.

तीनच्या सुमारास बाई ढिगावर बसल्या. मी म्हटलं, "पाणी प्या." त्यांनी बाटली हातात घेतली आणि ती तोंडाला कशी लावायची ते विसरल्यासारख्या बघत राहिल्या. चेहरा लालबुंद, पण अंगाला घाम नाही. पोकलेनवाला उतरून धावत आला, आम्ही दोघांनी त्यांना उचलून माझ्या गाडीत ठेवलं. कुलरपेटीतलं उरलेलं पाणी मी त्यांच्या डोक्यावर ओतलं आणि वीस मैलांवरच्या हॉस्पिटलात गाडी नेली. वाटेत त्यांचे डोळे मिटले. इमर्जन्सीत सलाईन लावल्यावर तासाभराने डोळे उघडले.

"किती राहिले?" त्यांनी विचारलं.

"बरेच."

"तू काही केलं नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे वळल्या. त्यांना खरंच बरं वाटलं की त्या माझ्यावर चिडल्या होत्या, ते मला अजून कळलेलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

मी परत नदीवर गेले तेव्हा त्या दिवसाचं काम थांबलेलं होतं आणि माणसं गेली होती. ऊन कलतं झालं होतं. मी चपला काढल्या, ढिगावर चढले आणि हात घातला. पहिला शिंपला हातात आला तो तळव्याएवढा होता आणि उन्हाने तापलेला होता. उघडे होते ते तसेच सोडले, मिटलेले तेवढे घेतले. किती घेतले ते मोजलं नाही. नदीत वरच्या बाजूला सोडावे तर तिथे आता फक्त खरवडलेली चिकणमाती होती, खडी उरलीच नव्हती. म्हणून मी ते यंत्राच्या खालच्या अंगाला नेले, जिथे तळ अजून शाबूत होता. एकेक करून बसवले, बारीक टोक खाली, फटीची बाजू वर. दिसेनासं झालं तेव्हा थांबले.

घरी नवरा दारातच उभा होता. माझे हात, कपडे बघून त्याला कळलं.

"कुणी बघितलं?"

"नाही."

"फोटो?"

"नाही रे."

तो आत गेला, बादलीत गरम पाणी घेऊन आला आणि माझ्या नखांतला चिखल काढायला बसला. मग म्हणाला, "शनिवारी मी येतो. पेट्या दोन घेऊ. खाली गावापर्यंत नेऊन सोडू, तिथे काही खणत नाहीयेत."

पण शनिवार लांब होता. बुधवारी सकाळी मी पुलावर गेले तर पोकलेन सरकून खाली आलं होतं. मी आदल्या संध्याकाळी शिंपले बसवले होते त्याच वळणावर ते उभं होतं आणि त्याचा हात पाण्यात होता. मी पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिले. ओरडावंसं वाटलं, पण काय ओरडणार? मी हात लावलेले शिंपले आहेत तिथे, असं? बादली वर आली, पाणी गळलं, ती वळली आणि रिकामी झाली. मी असं दुपारपर्यंत बघितलं. खाली जाऊन पुन्हा उचलावेत असं मनात येत होतं, पण पाय हलत नव्हते. आदल्या दिवशी भीतीने हलले नव्हते. त्या दिवशी काही उपयोग नाही हे कळल्यामुळे हलले नाहीत.

गुरुवारी जीवशास्त्रज्ञ दोन माणसं घेऊन आला. त्याच्या पत्राने काम थांबलं, पण तोवर त्या अर्ध्या मैलापैकी शेवटची थोडीशीच वळणं उरली होती. तिथले शिंपले त्यांनी हलवले. काठावरच्या मेलेल्यांची मोजणी केली. एव्हाना वास सुटला होता, रॅकून येऊन खाऊन गेले होते. त्याने मला कशाबद्दलही विचारलं नाही. जाताना म्हणाला, "त्या बाईंना सांगा, मी त्या दिवशी निघायला हवं होतं. गाडी काढून सरळ निघायला हवं होतं." मी हो म्हटलं. मी ते बाईंना सांगितलं नाही. त्यांना त्याचा काय उपयोग होता?

हॉस्पिटलातून बाईंना त्यांचा मुलगा अॅरिझोनाला घेऊन गेला. महिनाभर म्हणून गेल्या, पण परत आल्या नाहीत. घर विकलं. पुढच्या वसंतात त्या शेतकऱ्याच्या शेतातून पाणी दोन दिवसांत उतरलं आणि त्याचं सोयाबीन पहिल्यांदा वेळेवर उगवून आलं. खालच्या गावात मात्र चर्चचं तळघर बुडालं, आणि तिथल्या लोकांनी त्यांची वळणं खणावीत म्हणून अर्ज केल्याचं पेपरात आलं. आमचं एक्स्टेन्शनही झालं. कुणीही काही विचारलं नाही.

बाईंचा महिन्यातून एकदा फोन येतो. तिथे वाळवंट आहे, नदी म्हणजे कोरडी खाच, असं सांगतात. आणि मग विचारतात, "तळ दिसला का?"

बरेच महिने मी सांगत होते की पाणी गढूळ आहे, काही दिसत नाही. ते खरंच होतं. काठाला झाडं उरली नाहीत, प्रत्येक पावसात माती येते. मागच्या सप्टेंबरात पाणी निवळलं. मी त्यांची रबरी विजार घालून आत उतरले, वाकले, सावली पडू दिली नाही. तळाला सारखी राखाडी चिकणमाती होती, आणि तिच्यात पोकलेनच्या दातांच्या समांतर रेघा अजून स्पष्ट दिसत होत्या. एका वळणापासून दुसऱ्यापर्यंत चालत गेले. वळणं म्हणायची सवय म्हणून वळणं. एकही फट दिसली नाही.

त्या आठवड्यात बाईंचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाक करत होते. त्यांनी तेच विचारलं. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, "दिसला."

आम्ही दोघी बराच वेळ फोन धरून होतो, मग त्या म्हणाल्या की नातीला शाळेतून आणायची वेळ झाली, आणि फोन ठेवला.